पेटी बदलते, भिंग टिकते

"सर, कॅमेरा कुठला घेऊ?"

हा प्रश्न मला वर्षाकाठी निदान आठ-दहा विद्यार्थी तरी विचारतात. वास्तविक मी शिकवतो इतिहास. कॅमेऱ्याचे दुकान माझे नाही, की छायाचित्रणाची पदवी माझ्यापाशी नाही. पण सुटी लागली की गळ्यात कॅमेरा अडकवून लेणी आणि किल्ले हिंडणारा मास्तर, अशी गावात माझी ओळख होऊन बसली आहे. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एक कागद असतो. त्यावर तीन-चार मॉडेलांची नावे, पुढे किमती आणि त्यापुढे मेगापिक्सेलचे आकडे. कागद पुढे करून मुलगा म्हणतो, "यातला चांगला कुठला, तेवढं सांगा."

आता इतिहासाच्या माणसाची खोड अशी की, कुणी "कुठला?" असे विचारले की तो "केव्हापासून?" असे विचारू लागतो. तेव्हा वाचकहो, तुम्हीही थोडा वेळ माझ्याबरोबर मागे चला. त्या कागदाकडे आपण शेवटी येऊच. शिवाय या प्रश्नाचे उत्तर एकदा मी अगदी चुकीचे दिले होते, तेही मला तुम्हांला सांगायचे आहे.

१८३९ साली ऑगस्ट महिन्यात पॅरिसला दागेरची कृती जगापुढे उघड करण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्याला आयोडिनची वाफ, मग उजेड, मग पाऱ्याची वाफ, असा तो खटाटोप. त्यातला कॅमेरा म्हणाल तर एकात एक सरकणाऱ्या दोन लाकडी पेट्या! आपल्या पेठेतल्या सुतारानेही करून दिल्या असत्या. खरी अडचण होती भिंगाची. सुरुवातीचे भिंग इतका थोडा उजेड आत घेई की चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. इमारती बिचाऱ्या उभ्या राहत, पण रस्त्याने चालणारी माणसे चित्रात येतच नसत. तेवढा वेळ पापणी न हलवता बसणार कोण?

ही अडचण व्हिएन्नाच्या एका गणिताच्या प्राध्यापकाने सोडवली. जोझेफ पेट्झवाल त्याचे नाव. भिंगांची वक्रता आणि त्यांच्यातले अंतर त्याने आधी कागदावर हिशेब करून ठरवले, आणि त्या हिशेबासाठी त्याला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले आकडेमोडीत तरबेज असलेले शिपाई मदतीला मिळाले होते. तोफेच्या गोळ्याचा मार्ग मोजणारी माणसे प्रकाशकिरणाचा मार्ग मोजायला बसली! १८४० साली फोइग्टलेंडर या कारखानदाराने ते भिंग घडवले. आधीच्या भिंगापेक्षा ते पंधरा-वीस पट उजेड आत घेई. रसायनांतही त्याच सुमारास सुधारणा झाली आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. पेटी जवळजवळ तीच, पत्रा तोच. पण भिंग बदलले आणि माणसाचा चेहरा कॅमेऱ्यात आला. पेट्झवालला एकरकमी मोबदला मिळाला, पैसा मात्र कारखानदाराने केला. पुढे दोघांचे भांडणही झाले. पण आपल्याला धडा मिळाला तो असा: चित्र काढते ते भिंग, पेटी फक्त अंधार सांभाळते.

आपल्याकडे हे वेड यायला फार वर्षे लागली नाहीत. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळीतले एक नावाजलेले छायाचित्रकार. १८५६ पासून दोन वर्षे मुंबईहून जॉन्सन आणि हेंडरसन यांनी एक छायाचित्रांची मालिका काढली. तिच्या नावातच 'अॅमॅच्युअर' म्हणजे 'हौशी' हा शब्द होता. म्हणजे पाहा, हौशी छायाचित्रकार ही जात आपल्या मुलखात मुंबई-ठाणे रेल्वेइतकीच जुनी आहे! तेव्हाही ही मंडळी एकत्र जमली की भिंगाबद्दलच बोलत असतील, अशी माझी आपली समजूत आहे.

आता एक मोठी उडी घेऊ. जर्मनीत वेट्झलार येथे लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. त्याला दम्याचा विकार. काचेच्या प्लेटांचा जडशीळ कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्याला झेपेना. म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, तिच्यावरची दोन चित्रांची जागा एका चित्राला दिली, आणि खिशात मावेल असा कॅमेरा केला. ते चित्र होते ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद. पहिल्या महायुद्धापूर्वी झालेला हा खटाटोप १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' या नावाने विक्रीस आला. आज दुकानदार ज्याला 'फुल फ्रेम' म्हणतो, ती ही बार्नाकची फ्रेम. एका दमेकरी माणसाने सोयीसाठी धरलेले माप शंभर वर्षांनंतरही आपण प्रमाण म्हणून वापरतो आहोत. इतिहासात अशा गोष्टी फार होतात.

आणि आता डिजिटल. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी 'सीसीडी' नावाची चकती योजली. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही चकती काय करते? असे समजा की पावसात अंगणात ओळीने वाडगी मांडून ठेवली आहेत. पाऊस थांबल्यावर प्रत्येक वाडग्यात किती पाणी साठले ते मोजून वहीत लिहिले, की कुठे किती पाऊस पडला त्याचा नकाशा तयार. इथे पावसाच्या जागी उजेड आणि पाण्याच्या जागी वीज, एवढाच फरक. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या पंचविशीतल्या इंजिनियराने अशी चकती घेऊन पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वाडगी होती शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार. वजन साडेतीन किलोंच्या वर. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत, आणि ते पाहायचे टेलिव्हिजनच्या पडद्यावर.

यातली मौज पुढेच आहे. या कॅमेऱ्याला भिंग कुठले होते? घरगुती सिनेमाच्या सुपर-८ कॅमेऱ्याचे! म्हणजे नव्या युगातले पहिले चित्रही जुन्याच भिंगातून आले. त्याच कंपनीतल्या ब्राइस बायर याने १९७६ साली रंगाचे पेटंट मिळवले. वाडग्यांवर रंगीत काचा ठेवायच्या; निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. माणसाच्या डोळ्याला हिरव्यातला फरक सर्वांत चांगला कळतो, म्हणून हिरव्याला दुप्पट वाटा. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्येही बहुधा हीच मांडणी असते.

१९९१ साली कोडॅकने वृत्तपत्रांसाठी पहिला मोठा डिजिटल कॅमेरा विकायला काढला, तोही निकॉनच्या एफ-३ या फिल्मच्या कॅमेऱ्यावर बसवून. १९९९ साली निकॉनचा डी-१ आला. त्याची भिंग बसवायची खोबण १९५९ सालची, त्यामुळे निकॉनवाल्यांची पुष्कळशी जुनी भिंगे त्यावर चालली. २००३ साली कॅननचा ३००-डी हजार डॉलरच्या आत आला आणि हे प्रकरण हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. फिल्म धुण्याचा खर्च गेला. आमच्या घरी बडोद्याला बनणारा 'आग्फा क्लिक थ्री' होता. एका रोलमध्ये फोटो बारा. वडील घरातल्या सगळ्यांना ओळीत उभे करून म्हणत, "हलू नका रे, एकच काढणार आहे." आता एका कार्डावर हजार मावतात, आणि कुणी कुणाला 'हलू नका' म्हणत नाही.

इथवर इतिहास झाला. आता माझी चूक सांगतो.

२००८ सालची गोष्ट. माझा एक विद्यार्थी, शेतकऱ्याचा मुलगा, लग्नसराईत फोटो काढून कॉलेजची फी भागवावी म्हणत होता. वडिलांनी उसाच्या बिलातून पैसे काढून दिले होते. वडील स्वतः त्याच्याबरोबर माझ्या घरी आले, टोपी काढून बसले आणि म्हणाले, "सर, आम्हांला यातलं काय बी कळत न्हाई. तुम्ही म्हनाल तो घेतो." मुलाच्या कागदावर दोन पर्याय होते. एक, सहा मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा आणि त्याबरोबर ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स. दुसरा, दहा मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा आणि त्याच्या खोक्यात येणारी साधी झूम. पैसे दोन्हींना सारखेच. मी आकडा पाहिला आणि म्हणालो, "दहाचा घे. लेन्स काय, पुढे कधीही घेता येईल."

पहिलेच लग्न त्याच्या बहिणीचे. संध्याकाळचा मांडव, पिवळे बल्ब. मुलाची आजी नातीच्या डोक्यावर अक्षता टाकत होती. आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले, म्हणून मुलाने फ्लॅश बंद ठेवला. फोटो आला तो हललेला. हात म्हणजे एक पांढरा पट्टा आणि चेहरा धुरकट. त्याच पावसाळ्यात आजी गेली. तो फोटो आजही त्यांच्या सोप्यात लावलेला आहे, कारण आजीचा दुसरा फोटोच घरात नाही. मी गेलो की चहा त्या फोटोखालीच बसून घेतो. त्या घरात मला कुणी कधी एका शब्दाने बोलले नाही, हे तर अधिकच जड जाते.

चूक नेमकी कुठे झाली, ते हिशेबाने पाहा. सहाचे दहा मेगापिक्सेल म्हणजे फार मोठी वाढ वाटते. पण ठिपके लांबी-रुंदी दोन्हींकडे वाटले जातात. त्या कॅमेऱ्यांत लांबीकडे ठिपके होते ३००८ विरुद्ध ३८७२. म्हणजे वाढ जेमतेम सव्वापटीची. बारा इंच लांबीची प्रत सहा मेगापिक्सेलमधून सुखाने निघते, आणि लग्नाच्या अल्बमला त्याहून मोठी लागते कुठे? उलट भिंगाचे पाहा. झूम पुढे ओढली की तिचे तोंड एफ ५.६ वर यायचे. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात. एफ १.८ ची लेन्स त्या झूमच्या साडेनऊ पट उजेड आत घेते. म्हणजे झूमला जिथे सेकंदाचा पंधरावा भाग उघडे राहावे लागले, तिथे त्या साध्या लेन्सला सव्वाशेवा भाग पुरला असता. सेकंदाच्या पंधराव्या भागात म्हातारीचा हात हलतो; सव्वाशेव्या भागात तो जवळजवळ थांबतो. पेट्झवालने १८४० साली दाखवून दिलेली गोष्ट इतिहासाच्या प्राध्यापकाला २००८ साली आठवली नाही!

मुलगा मोठा जिद्दीचा. पुढे मुंबईच्या बोराबाजारात जाऊन त्याने एक जुनी ५० ची लेन्स आणली. ती कॅमेऱ्यावर बसली खरी, पण आपोआप फोकस होईना. त्या लेन्सला फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या पोटात लागते, आणि त्या स्वस्त कॅमेऱ्यात ती ठेवलेलीच नव्हती. मग तो हाताने फोकस करायला शिकला. आज त्याचा धंदा नीट चालला आहे, पण ते श्रेय त्याचे. माझ्या सल्ल्याचे नव्हे.

तेव्हा कॅमेरा घेताना काय पाहावे? माझ्या अनुभवाचे चार शब्द सांगतो.

पहिले, खोबण पाहा. कॅमेरा पाच-सात वर्षांनी जुना होतो. चांगले भिंग वीस वर्षे सोबत करते. म्हणजे तुम्ही कॅमेरा घेत नसता, एका घराण्यात सोयरीक करत असता. सोयरीकही कायमची असतेच असे नाही. कॅननने १९८७ साली खोबण बदलली आणि जुनी भिंगे अडगळीत गेली. २०१८ साली निकॉन आणि कॅनन या दोघांनीही आरसा नसलेल्या मोठ्या कॅमेऱ्यांसाठी नव्या खोबणी आणल्या. मात्र या वेळी थोडे बरे झाले. निकॉनच्या जुन्या खोबणीपासून फिल्मपर्यंतचे अंतर होते साडेशेचाळीस मिलिमीटर, नवीत ते सोळाच आहे. उरलेल्या जागेत एक पोकळ नळी बसते आणि जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालू लागते. पण ती आपोआप फोकस होईल का, हे दुकानातच बसवून पाहावे. बोराबाजारहून परत गावी आल्यावर नव्हे.

दुसरे, फ्रेमचा आकार. पुष्कळ कॅमेऱ्यांतली चकती बार्नाकच्या फ्रेमपेक्षा लहान, सुमारे चोवीस बाय सोळा मिलिमीटरची असते. तिच्यावर ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. दुकानदार सांगतो, "साहेब, जास्त लांबचं दिसतं." लांबचे काही जवळ येत नाही. फोटोच्या चारी कडा कात्रीने कापल्या की मधला भाग मोठा भासतो, तसा हा प्रकार. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला तो सोयीचा आहे, वाड्याच्या चौकाचा फोटो काढणाऱ्याला गैरसोयीचा. आणि त्याच आकारात वाडग्यांची संख्या वाढवायची तर वाडगी लहान करावी लागतात, हे विसरू नका.

तिसरे, जुना माल घेताना लेन्समधून आरपार बॅटरीचा उजेड टाकून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत पावसाळा हाच लेन्सचा मोठा शत्रू. चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवणे म्हणजे बुरशीला निमंत्रण. चामडे ओल धरते. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओल्या झाल्या की गरम करून वाळवाव्या. आणि मुख्य म्हणजे लेन्स वापरावी. वापरातल्या वस्तूला उजेडवारा लागतो.

चौथे, अंधारातले बळ. आजच्या चकत्या २००८ च्या मानाने फारच सुधारल्या आहेत आणि अपुऱ्या उजेडातही बरे काम देतात. हात थरथरला तर कॅमेरा सावरून घेतो. पण समोरच्याचा हात हलला तर कॅमेरा काही करू शकत नाही. तिथे अजूनही उजेडच लागतो, आणि उजेड येतो भिंगातून.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते. काढलेला फोटो टिकणार कसा? ज्या कोडॅकच्या घरात डिजिटल कॅमेरा जन्मला, तिनेच २००९ साली कोडाक्रोम ही आपली प्रसिद्ध रंगीत फिल्म बंद केली. शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराला मिळाला, आणि त्या छत्तीस फोटोंतले काही त्याने मुंबईच्या नटांचे आणि राजस्थानातल्या रबारी लोकांचे काढले. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपन्या जातात, फिती जातात, डिस्क जातात. माझी एक हार्ड डिस्क एका सकाळी खट्खट् आवाज करून बंद पडली आणि दोन वर्षांचे किल्ले तिच्याबरोबर गेले. वडिलांच्या क्लिक थ्रीच्या निगेटिव्ह मात्र बिस्किटाच्या डब्यात आजही शाबूत आहेत. म्हणून दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा, आणि वर्षातून वीस-पंचवीस फोटो कागदावर छापून घ्या. नातवंडे डबा उघडतील. पासवर्ड कुठून आणतील?

यंदा जूनमध्ये पुन्हा एक मुलगी कागद घेऊन आली. "सर, यातला चांगला कुठला?" मी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारले, "तू कशाचे फोटो काढणार आहेस, ते आधी सांग."

ती थोडा वेळ घुटमळली. मग म्हणाली, "आजीचे काढायचेत. ती स्वयंपाकघरात असते, तिथं उजेड कमी असतो."

"मग कॅमेरा जुना चालेल," मी म्हणालो, "पण लेन्स मोठ्या तोंडाची घे. आणि उद्यापर्यंत थांबू नकोस. आज घरी जाऊन फोननेच एक फोटो काढ. खिडकी उघड, आजींना खिडकीकडे तोंड करून बसव, आणि त्यांचा हात स्थिर होईपर्यंत थांब."

दुसऱ्या दिवशी तिने फोटो आणून दाखवला. आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपावरच्या दोन्ही हातांच्या शिरासुद्धा स्पष्ट दिसत होत्या. मी म्हटलं, "हा आधी छापून आण. कॅमेऱ्याचं मग पाहू."